फुटलेल्या परीक्षानळीचा खर्च

कंपनी कायदा २०१३ मधले कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि खेड्यातल्या शाळांच्या दारात एक नवा दाता येऊन उभा राहिला. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातली किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची, असा हा कायदा. पहिल्या वर्षी देशभरात मिळून १०,००० कोटींच्या आसपास खर्च झाला. २०२२-२३ मध्ये हाच आकडा ३०,००० कोटींना टेकला. त्यातला साधारण तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जातो, आणि राज्यवार पाहिले तर सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राच्या पदरात पडतो. शाळेत या पैशाला कोणी ‘सामाजिक उत्तरदायित्व’ म्हणत नाही. मुख्याध्यापकांपासून सरपंचांपर्यंत सगळे ‘सीएसआर’च म्हणतात. या सीएसआरमधून विज्ञानासाठी काय येते, याची यादीही आता पाठ झाल्यासारखी आहे: सुसज्ज प्रयोगशाळा, डिजिटल फळा, टॅब, दुर्बीण, रोबोटिक्सची पेटी, भिंतीवर सूर्यमाला. यातली एकही वस्तू वाईट नाही. प्रश्न इतकाच, की विज्ञान शिकण्याच्या वाटेत खेड्यातल्या मुलाला जे नडते ते या यादीत आहे का. माझ्या मते ते बहुतांशी नाही. वस्तू एकदाच घ्यावी लागते आणि तिचा फोटो निघतो. विज्ञान शिकवण्याचा खरा खर्च मात्र दर महिन्याचा असतो आणि तो दिसत नाही. कंपन्यांचा पैसा या दुसऱ्या खर्चाकडे वळला, तरच त्या मुलाचे काही भले होईल.

हा दुसरा खर्च नेमका कसला, ते शाळेच्या हिशेबात शिरल्याशिवाय कळत नाही. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते, आणि ते पटावर ठरते. पट ३० च्या आत असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत असेल तर २५,०००, २५० पर्यंत असेल तर ५०,०००. डोंगराळ किंवा विरळ वस्तीतली जिल्हा परिषदेची शाळा बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर असते. त्या पंचवीस हजारांत वीजबिल, खडू, रजिस्टरे, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छतेचे सामान, नळाची तोटी असे सगळे बसवायचे. त्यात लिटमस कागद, दिव्याचे स्पिरिट, तुरटी, चुनकळी, तांब्याची तार, फुटलेल्या परीक्षानळीच्या जागी नवी नळी यांचा नंबर शेवटी लागतो, म्हणजे बहुतेकदा लागतच नाही. त्यातून ही नळी डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेली असते. ती फुटली की नोंद, नोंदीला कारण, कारणाला सही. मग मुलांच्या हातात न देता ती कपाटात ठेवणे हा शिक्षकाच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग ठरतो. कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात जाते. दात्याने दिलेले साहित्य पाच वर्षांनीही नव्यासारखे राहते, आणि पाहणीला आलेल्या पाहुण्याला ते ‘चांगले जपलेले’ वाटते.

माध्यमिक शाळांची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण बरी नाही. ग्रामीण महाराष्ट्रात आठवीनंतरचे शिक्षण मुख्यतः खाजगी अनुदानित संस्थांच्या हाती आहे. तिथे प्रयोगशाळेची खोली असते, वेळापत्रकात प्रात्यक्षिकाचा तासही असतो. पण तासापूर्वी साहित्य मांडून ठेवणारा आणि तास संपल्यावर चंचुपात्रे धुऊन ठेवणारा माणूस हळूहळू नाहीसा होत चालला आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदे रिकामी होतील तशी न भरता त्यांच्या बदल्यात ठोक भत्ता देण्याचे ठरवले. प्रयोगशाळा परिचर हा त्याच वर्गातला. एका तासात साठ मुलांकडून प्रयोग करून घ्यायचा, मांडामांड आणि धुणेपुसणेही आपणच करायचे, आणि पुढच्या तासाला दुसऱ्या वर्गावर पोचायचे, हे एका शिक्षकाकडून रोज होणे नाही. मग प्रयोग फळ्यावर होतो, प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते, आणि दहावीला प्रात्यक्षिकाचे गुण शाळेच्याच हाती असल्याने कोणाचे अडतही नाही. या खोलीला नवी फरशी आणि नवा फळा मिळाला, म्हणून यातले काय बदलणार?

मुलांचे काय होते, ते ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर २०२३’ या पाहणीतल्या एका साध्या कसोटीत दिसले. १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली गेली. वस्तूचे टोक शून्यावर असताना सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. तीच वस्तू शून्यापासून जरा पुढे सरकवली, तेव्हा बरोबर उत्तर देणारे ३९ टक्क्यांवर आले. इथे साधनाची वाण नव्हती. पाच रुपयांची पट्टी प्रत्येक दप्तरात असते. वस्तूची लांबी म्हणजे दोन टोकांमधले अंतर, वस्तू सरकवली म्हणून ते बदलत नाही, हे कधी स्वतःच्या हाताने पडताळून पाहायची वेळच आली नव्हती. मोजमाप हा विज्ञानाचा पहिला धडा, आणि तोच उत्तर वाचून काढण्याची रीत म्हणून शिकला गेला होता. त्याच पाहणीनुसार अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त कला शाखेत होती, आणि विज्ञान-गणिताकडे मुलींचा कल मुलांपेक्षा कमी होता. याची कारणे अनेक आहेत: जवळच्या कॉलेजात विज्ञान शाखाच नसणे, फी, शिकवणी, घरच्यांचा कौल. तरी पट्टी सरकल्यावर गडबडणाऱ्या विद्यार्थ्याने विज्ञान शाखेपासून चार हात लांब राहावे, यात नवल नाही. रोबोटिक्सची पेटी या विद्यार्थ्यापर्यंत पोचते तेव्हा ती दोन मजले वरून आलेली असते.

ग्रामीण शाळेत विज्ञान हाताने शिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच मिळाले आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमध्ये एक प्रयोग सुरू झाला. रसूलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर आणि ‘किशोर भारती’ या दोन संस्था तो चालवत होत्या, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले व दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी होते. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक वर्गांत गेला. पुढे ‘एकलव्य’ या संस्थेने तो इतर जिल्ह्यांत नेला. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-चारच्या टोळीत प्रयोग करायचा, निरीक्षण लिहायचे, वर्गात त्यावर वाद घालायचा आणि निष्कर्ष स्वतः काढायचा, ही त्याची पद्धत. शाळेला साहित्याची पेटी मिळे. पण या उपक्रमाचा जीव पेटीत नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांची सलग शिबिरे होत, आणि तिथे शिक्षक तेच प्रयोग आधी विद्यार्थी होऊन करत. वर्षभर महिन्यातून एकदा जवळपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र जमून काय फसले ते मांडत. त्यांच्या सांगण्यावरून पुस्तके बदलली जात. मुलांनी ‘सवालीराम’ या काल्पनिक माणसाला पत्र लिहून काहीही विचारावे आणि त्याने उत्तर पाठवावे, अशीही सोय होती. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून घेतली जाई, आणि तिच्यात प्रत्यक्ष प्रयोगही करून दाखवावा लागे. परीक्षा बदलली म्हणूनच वर्गातला प्रयोग टिकला, असे मला वाटते. नाही तर तो पहिल्याच वर्षी हौसेच्या सदरात जमा झाला असता.

या होशंगाबादचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून होशंगाबादला गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन करून दाखवले. काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण काही केल्या हलत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते मुलाला बोटांनीच कळते. खर्च काही पैशांचा. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली, आणि ही शोधिका उभी राहिली ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून. खाजगी पैसा आणि विज्ञानशिक्षण यांचे आपल्याकडे जुळत नाही, असे कोणी म्हटले तर हे उदाहरण समोर ठेवता येईल. त्याहून मोठे उदाहरण मुंबईचे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने, आणि तेही नाना चौकातल्या एका महापालिका शाळेच्या जागेत. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या ग्रामीण शाळांतही काम केले. पाठ्यपुस्तकातली बोजड भाषाच मुलाला अडवते आणि ती सोपी केली की विज्ञानही सोपे जाते, हे या केंद्राच्या सुरुवातीच्या संशोधनाचे एक महत्त्वाचे फलित. त्याला एकही उपकरण लागले नाही. लागले ते वर्षानुवर्षे शाळेत बसून पाहणारे लोक. ट्रस्टच्या पैशाने त्या लोकांचा वेळ विकत घेतला होता. काम सिद्ध झाल्यावर अणुऊर्जा विभागाने ते आपले म्हणून चालवायला घेतले. कंपनीच्या पैशाने नेमके काय करावे याचा नमुना हाच आहे: जे सरकारला एकदम पेलत नाही ते काही वर्षे करून दाखवावे, आणि मग ते सरकारच्या अंगवळणी पाडावे.

पाबळचे उदाहरणही याच जातीचे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली वरिष्ठ जागा सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. त्यांनी आखलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य अशा चार विभागांत मातीची तपासणी करायची, रक्तातले हिमोग्लोबिन मोजायचे, गावातल्या कोणाची लोखंडी खिडकी बनवून द्यायची आणि तिचा खर्च काढायचा. शिकवायला गावातलेच कसबी लोक निदेशक म्हणून येतात. राज्य मंडळाने हा विषय मान्य केला, त्यामुळे त्याला वेळापत्रकात जागा मिळाली. आज अनेक शाळांत तो कंपन्यांच्या मदतीने चालतो, आणि तिथे पैशाचा मोठा भाग निदेशकांच्या मानधनावर आणि कच्च्या मालावर जातो. तो अहवालात फारसा चमकत नाही. पण पत्रा कापताना चुकलेल्या मापाचे मोल त्या मुलाला जितके कळते, तितके पट्टीच्या चित्रावरून कळणे शक्य नाही.

या युक्तिवादावर पहिला आक्षेप असा येईल, की फिरत्या प्रयोगशाळा तरी काय वाईट आहेत? ‘अगस्त्य इंटरनॅशनल फाउंडेशन’ १९९९ पासून हे काम करते. आंध्रातल्या कुप्पमला त्यांचा मोठा परिसर आहे, आणि कंपन्यांच्या देणग्यांवर त्यांच्या गाड्या अनेक राज्यांतल्या शाळांपर्यंत जातात. गाडी आली की मुले त्या साहित्याला हात लावतात, प्रश्न विचारतात, आणि शाळेत कधी न दिसलेली उत्सुकता त्या दिवशी दिसते. हे मी नाकारत नाही. कुलूपबंद कपाटापेक्षा फिरती गाडी शंभर पटींनी बरी, कारण तिच्यासोबत प्रयोग करून घेणारा माणूस येतो. तिची मर्यादाही तिथेच आहे. तो माणूस संध्याकाळी गाडीत बसून जातो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर असलेल्या शिक्षकाकडे त्याच्या जवळचे काही राहत नाही. गाडीच्या प्रत्येक फेरीत त्या शाळेचा शिक्षक एक प्रयोग स्वतः घेईल आणि त्याचे साहित्य शाळेत ठेवून घेईल, एवढी अट दात्याने घातली तरी चित्र पालटेल. वार्षिक अहवालात ‘किती मुलांपर्यंत पोचलो’ हा आकडा मग कमी भरेल. तो भरू द्यावा.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या बाजूने येतो आणि तो अधिक ठाम असतो: कायदाच असा आहे, आम्ही काय करणार? यात अर्धे तथ्य आहे. ताळेबंद वर्षाचा, नफा वर्षाचा, म्हणून खर्चही मार्चअखेर दाखवायचा. फेब्रुवारीत घाईने खरेदी होते ती म्हणूनच. पण कायदा वाटतो तितका आखूड नाही. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी ‘चालू प्रकल्प’ ही सोय दिली आहे. काम सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन वर्षे ते चालू शकते, आणि त्याचा न वापरलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवता येतो. म्हणजे एकूण चार वर्षे. पाचवीतल्या मुलीला दहावीपर्यंत नेण्याइतकी नसली, तरी एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांची तयारी करायला ती पुरेशी आहेत. प्रशासकीय खर्चावरच्या ५ टक्के मर्यादेचाही असाच बाऊ केला जातो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. शिबिर घेणाऱ्या तज्ज्ञाचे मानधन किंवा प्रकल्पातल्या कार्यकर्त्याचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. उलट, मॅरेथॉन किंवा पारितोषिक समारंभ यांसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये मोजू नयेत, असे सरकारने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितले होते. रोजच्या खर्चाला पैसा देता येत नाही म्हणावे, तर केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबची रचना पाहावी: शाळेला मिळणाऱ्या २० लाखांपैकी १० लाख उभारणीला आणि उरलेले १० लाख पाच वर्षांच्या चालू खर्चाला. एका शाळेत ओतायचे १० लाख रुपये वीस शाळांना दरवर्षी १०,००० असे वाटले, तर पाच वर्षे पुरतात. लहान शाळेच्या हिशेबात हे दहा हजार म्हणजे प्रयोग होणे आणि न होणे यांतला फरक आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शिक्षण हे सरकारचे काम. कंपन्यांना दार उघडले की सरकार मागच्या दाराने निघून जाईल. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने दत्तक शाळा योजना आणली, तेव्हा शिक्षक संघटनांपासून अनेकांनी हाच आवाज उठवला. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायला ५० लाख, दहा वर्षांसाठी १ कोटी अशी मदतीची किंमत ठरली, आणि दात्याला आपले नाव शाळेला जोडण्याची मुभाही मिळाली. शाळेच्या नावाची अशी बोली लागणे मला पटत नाही. गावकऱ्यांनी जमीन देऊन, श्रमदान करून बांधलेल्या शाळेच्या कमानीवर कंपनीचे नाव कशासाठी? पण आक्षेपाचा मुख्य भाग तपासला तर आकडे त्याच्या विरुद्ध जात नाहीत, बाजूनेच जातात. सगळ्या देशातल्या कंपन्यांचा शिक्षणावरचा सीएसआर खर्च वर्षाला १०,००० कोटींच्या आसपास. एकट्या महाराष्ट्राचे शालेय शिक्षणाचे अंदाजपत्रक त्याच्या कित्येक पट आहे. म्हणजे कंपन्या सरकारची जागा घेऊच शकत नाहीत, आणि घेतील असे भासवणे ही फसवणूक आहे. रिकामी शिक्षकपदे, परिचराची गेलेली जागा, निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची अशैक्षणिक कामे यांवर कंपनीकडे इलाज नाही. ते सरकारकडेच मागायला हवे, आणि देणगीची पाटी लागली म्हणून ती मागणी सोडता कामा नये. होशंगाबाद आठवले की सरकारवर डोळे मिटून विसंबणेही अवघड होते; तीस वर्षे चाललेला तो उपक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. म्हणून बाहेरचा पैसा सरकारला समांतर नको, त्याच्या आतल्या रिकाम्या जागी हवा. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथे बरेचदा परिपत्रकांचे वाचन होते. तीच बैठक प्रयोगांची करता आली, तर नवी संस्था काढायची गरज नाही.

राहिला मोजमापाचा मुद्दा. वस्तू मोजता येतात, शिक्षकाची तयारी कशी मोजणार, असे संचालक मंडळ विचारणारच. ज्या कंपन्यांचे सीएसआरचे सरासरी दायित्व १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम, काम संपून किमान वर्ष झाल्यावर, त्रयस्थाकडून तपासून घ्यावाच लागतो. एक वर्षाचा हा अवधी नियमातला सर्वांत शहाणा शब्द आहे. तपासनिसाने फोटो आणि उपस्थितीपत्रके बाजूला ठेवून साहित्याचे रजिस्टर मागावे. वर्षभरात काय फुटले, काय संपले, काय पुन्हा विकत आणले, एवढे पाहावे. जिथे काहीच संपलेले नाही तिथे काहीच झालेले नाही. मग दहा मुलांना बोलावून एखादा प्रयोग नव्या रीतीने मांडायला सांगावा, पुस्तकात नसलेला.

आणि हा पैसा पोचतो कुठे? कारखाने मुंबई, ठाणे, रायगड, पुणे या पट्ट्यात. कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. त्यामुळे पैसाही तिथेच घुटमळतो. औद्योगिक वसाहतीलगतच्या एका शाळेला तीन कंपन्यांचे तीन डिजिटल फळे मिळतात, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘आकांक्षित’, म्हणजे मागे राहिलेले, ठरवलेले गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे जिल्हे वाट पाहतात. जवळच्या भागाचे प्राधान्य ही सक्ती नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने नंतर स्पष्टही केले. नियम अनेक कंपन्यांना एकत्र येऊन एकच प्रकल्प करायलाही मोकळीक देतात, फक्त प्रत्येकीने आपला हिशेब वेगळा दाखवायचा. ज्यांचे वर्षाचे दायित्व दहा-वीस लाखांचे आहे अशा मध्यम कंपन्यांनी ही मोकळीक अजून फारशी वापरलेली नाही. अशा पाच कंपन्यांनी मिळून नंदुरबारमधल्या धडगाव किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीसारख्या एका तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांची महिन्याची बैठक, त्यांचा प्रवासभत्ता, दोन फिरते मार्गदर्शक आणि दर शाळेला संपणाऱ्या साहित्याचे दहा हजार एवढा भार चार वर्षे उचलावा. कोनशिला बसवायला त्यात जागा नाही, आणि बहुधा अडचण तीच आहे.